दिव्यासाठी तीन कोटेशनं

माणूस घरात राहतो तो अंधाराला भिऊन, आणि तंबूत राहायला जातो तो घराला कंटाळून. पण तंबूची शेवटची मेख ठोकून होते न होते तोच आतून कुणाचा तरी आवाज येतो, "अहो, दिवा कुणी आणलाय?" म्हणजे ज्या दिव्यांपासून पळून आपण इतक्या लांब आलो, त्यांच्याच एखाद्या धाकट्या भावंडावाचून आपलं पान हलत नाही. या एका प्रश्नापायी माणसानं आजवर किती खटपटी केल्या आहेत, हे मला अलीकडेच कळलं. त्याचं श्रेय आमच्या बँकेच्या कार्यपद्धतीला द्यायला हवं.

झालं असं, की आमच्या शाखेच्या स्टाफनं जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत काढायचं ठरवलं. काजवे बघायचे आणि पिठलं-भाकरी खायची, एवढाच कार्यक्रम. तारीख ठरली, गाडी ठरली, पिठल्यात लसूण किती हेसुद्धा ठरलं. अडलं ते दिव्यावर. दिव्यावरून शाखेत तीन तट पडले.

आमचे हेडकॅशियर म्हणाले, "पेट्रोमॅक्स. दुसरं नाव काढायचं नाही. उजेड पडला पाहिजे!" (या शाखेत आजवर कुणी काय उजेड पाडलाय, असं मागून कुणीतरी पुटपुटलं, पण ते इतिवृत्तात आलेलं नाही.) नव्यानं लागलेल्या पोरांचं म्हणणं, प्रत्येकाच्या कपाळाला हेडटॉर्च बांधावा, ज्याचा उजेड त्याच्यापाशी. कर्ज विभागाच्या मॅडमना कंदील हवा होता. त्यांच्या मते कंदिलानं वातावरण तयार होतं. घरी विषय काढला तर आमची सौभाग्यवती म्हणाली, "मोबाईलला बॅटरी असते ना? मग त्याला समिती कशाला?" बायकांना बँकिंग कळत नाही असं कोण म्हणतं? कळतं, आणि नको तितकं कळतं.

शेवटी शाखाधिकारी साहेबांनी निर्णय दिला. निर्णय असा, की निर्णय आत्ताच घेऊ नये. "तीन कोटेशनं मागवा, आणि पूर्वीचा दाखला जोडून टिपणी सादर करा." बँकेत पूर्वीच्या दाखल्यावाचून स्टेपलरच्या पिनासुद्धा मंजूर होत नाहीत. मराठी टिपणी लिहायची म्हटली की शाखेतली सगळी बोटं माझ्याकडे वळतात. तेव्हा मी पूर्वीचे दाखले शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट अकबराच्या छावणीत जाऊन पोचलो.

अकबर बादशहाची छावणी म्हणजे आपल्यासारखी चार तंबू आणि एक चूल नव्हे. ते चालतं शहरच. अशा शहरात रात्री आपला तंबू सापडायचा कसा? त्यावर बादशहानं काढलेला तोडगा अबुल फजलानं 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवला आहे. दरबाराच्या पुढ्यात ४० गजांहून उंच असा एक खांब उभा करायचे. त्याला १६ दोरांचे ताण असत, आणि टोकावर एक भला मोठा कंदील. त्याचं नाव आकाशदिया. दिवाळीत आपण गॅलरीच्या खिळ्याला टांगतो त्याचा हा शाही खापरपणजोबा म्हणायचा. याच्या उजेडात कुणी वाचायचं नाही, जेवायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. त्यानं फक्त लांबून दिसायचं, म्हणजे दमलेला शिपाई बरोबर आपल्या मुक्कामी पोचेल.

आणि त्या दिव्यासाठी विस्तव तरी साधा असावा? छे! वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ऐन दुपारी सूर्यकांत नावाचा चकाकता दगड उन्हात धरायचा, त्यानं कापूस पेटवायचा आणि तो विस्तव वर्षभर जपायचा. दिवे लावणारे, मशालजी, आचारी, सगळे त्यातूनच विस्तव नेणार. हे वाचून मला आमच्या शाखेतल्या तिजोरीच्या चाव्यांची आठवण झाली. तेवढाच पहारा, तेवढाच विधी.

पुढे सत्तरएक वर्षांनी बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या छावणीबरोबर काश्मीरच्या वाटेला लागला. त्यानंही हा आकाशदिया पाहिला. जहाजाच्या डोलकाठीएवढा उंच, पण नेण्याआणण्यासाठी त्याचे तीन तुकडे होतात, असं त्यानं लिहिलं आहे. (फोल्डिंगच्या वस्तू परवाच निघाल्या असं समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.) एका रात्री शेणाच्या चुलींचा धूर छावणीत असा दाटला, की बर्निएसाहेब आपला तंबूच हरवून बसले. फिरफिर फिरले आणि कसेबसे त्या आकाशदियाच्या खांबापर्यंत पोचले. मग रात्रभर नोकर आणि घोडा यांच्यासह मुक्काम तिथेच! आपल्याकडे रात्री रिक्षा मिळाली नाही की माणूस स्टेशनातल्या बाकावर टेकतो, तसाच प्रकार. टिपणीत मी पहिली नोंद केली : दिवा हा बघण्यासाठी असतो तसा दिसण्यासाठीही असतो.

दुसरा दाखला याच्या अगदी उलटा निघाला. दिसणाऱ्या दिव्यावर लोक विश्वास ठेवतात हे एकदा कळलं, की दिव्याला खोटं बोलायला शिकवणारे लोक निघणारच. इसवी सनापूर्वी २१७ साली इटलीत हॅनिबल रोमनांच्या कोंडीत सापडला. त्यानं २००० बैलांच्या शिंगांना लाकडाच्या मोळ्या बांधल्या, रात्री त्या पेटवल्या आणि बैल डोंगरावर हाकलले. खिंड राखणाऱ्या रोमनांना वाटलं, शत्रू डोंगरावरून निसटतो आहे. ते खिंड सोडून तिकडे धावले, आणि हॅनिबल मोकळ्या झालेल्या खिंडीतून सैन्य घेऊन निघून गेला. मराठी वाचकाला ही गोष्ट सांगायला लागलं की तो दुसऱ्या वाक्यालाच म्हणतो, "अहो, ही तर कात्रजची!" बरोबर आहे. १६६३ च्या एप्रिलात लाल महालात शाएस्तेखानाची बोटं छाटून महाराज सिंहगडाकडे गेले, आणि कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत बांधून मोगलांना भलतीकडे पळवलं, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दोन्हीकडे सेनापतींची वाहवा झाली, ती योग्यच झाली. पण शिंगावर जळता दिवा घेऊन जो धावला त्याच्या बाजूनं इतिहास लिहायचा राहूनच गेला आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या दोन्ही दाखल्यांत एक अडचण होती. ४० गजांचा खांब आमच्या मिनीबसमध्ये मावणारा नव्हता, आणि बैलांच्या भाड्याला व्हाउचर मिळालं नसतं. तेव्हा मी मुकाट्यानं कंदिलाकडे वळलो.

आपल्याला वाटतं कंदील रामायणापासून आहे. खरं म्हणजे रॉकेलच मुळी परवाचं. १८५३ साली ल्वीव्ह शहरातल्या इग्नात्सी लुकासिएविच नावाच्या औषधविक्याचा रॉकेलचा दिवा तिथल्या इस्पितळात रात्रीच्या शस्त्रक्रियेला वापरला गेला. पण उघड्यावर, वाऱ्यात, तंबूच्या दाराशी टिकेल असा दिवा यायला आणखी पंधराएक वर्षं जावी लागली. अमेरिकेतल्या जॉन आयर्विनची करामत ती. कंदिलाच्या दोन बाजूंना ज्या दोन नळ्या असतात त्या कंदील धरायला नसतात, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. त्या ज्योतीच्या नाकपुड्या आहेत! आयर्विनच्या १८७४ च्या सुधारणेनंतर त्या वरून बाहेरची ताजी हवा ओढून खाली वातीला पुरवू लागल्या. बाहेर वादळ असलं तरी आत ज्योत शांत श्वास घेते. म्हणून त्याचं नाव हरिकेन. आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले मंडळींनी काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. नाव सूर्याचं, उजेड मात्र घरगुती. दोन मुलं, एक पुस्तक आणि पलीकडे तांदूळ निवडणारी आजी, एवढ्यांना पुरेल इतकाच. त्यापलीकडे सगळं कुटुंब अंधारात, पण सरकत सरकत जवळ येऊन बसलेलं.

आता हेडकॅशियरांचा पेट्रोमॅक्स. त्याच्या आधी आमच्या आजोबांच्या पिढीत 'किटसन' होता. नाटकाच्या मांडवात किटसनच्या बत्त्या लागायच्या, असं ते सांगत. हा किटसन म्हणजे आर्थर किटसन नावाचा इंग्रज. रॉकेलची वाफ करून ती जाळीत पेटवायची, हे तंत्र त्यानं १९०१ च्या सुमारास असं बसवलं की ते दीपगृहांतसुद्धा गेलं. पण माझ्या दृष्टीनं त्याची खरी थोरवी निराळीच आहे. हा गृहस्थ उरलेल्या वेळात चलनव्यवस्थेवर पुस्तकं लिहायचा, आणि त्यांत सुवर्णमानावर आणि बँकवाल्यांवर तोंडसुख घ्यायचा! जगाला उजेड देणाऱ्या माणसाला बँकेत अंधार दिसावा, हा योगायोग मी टिपणीत घातला नाही. साहेबांचं ब्लडप्रेशर मला ठाऊक आहे.

या साऱ्या बत्त्यांचा प्राण म्हणजे ती पांढरी जाळी, मँटल. आमच्याकडे सगळे तिला 'मेंटल'च म्हणत, आणि तिचं वागणं बघता ते काही चूक नव्हतं. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये ती काढली, पण तिचा उजेड हिरवट पडायचा. त्यात माणसं आजारी दिसायची. १८९१ मध्ये त्याला प्रमाण सापडलं : ९९ टक्के थोरियमचं भस्म आणि १ टक्का सीरियमचं. नुसतं थोरियम घेतलं तर उजेड फिका, आणि तो एक टक्का पडला की लखलखाट! एक टक्क्यानं काय होतं, असं मुदत ठेवीच्या खिडकीशी विचारणाऱ्यांना मी हल्ली हाच दाखला देतो.

आणि हे थोरियम यायचं कुठून? बरंचसं आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून. तिथला काथ्या जर्मनीला जायचा. त्याला चिकटून गेलेल्या वाळूत १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट सापडलं, ज्यातून थोरियम काढतात. आपण दोर विकत होतो आणि दोराबरोबर युरोपचा उजेड फुकट पाठवत होतो. परकी चलन खात्यात काम केलेल्या कुठल्याही माणसाच्या पोटात इथे गोळा येईल.

पुढच्याच वर्षी, १९१० साली, बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झनं पेट्रोमॅक्स काढला. 'पेट्रोलियम'मधला पेट्रो आणि स्वतःचं नाव मॅक्स. तिकडे अमेरिकेत विल्यम कोलमन नावाचा एक माणूस असेच दाबाचे दिवे घेऊन १९०० साली ओक्लाहोमातल्या किंगफिशर गावात गेला. दिवे कुणी घेईना, कारण आधी येऊन गेलेल्या विक्रेत्यांनी गावाला फसवलेलं. तेव्हा यानं दिवा विकायचं सोडलं आणि उजेड भाड्यानं दिला. आठवड्याला १ डॉलर, दिवा चालला नाही तर पैसे नाहीत. १९१४ मध्ये त्यानं हातात धरून रानावनात नेण्याजोगा कंदील काढला, आणि तिकडच्या तंबूवाल्यांना तो पुढे घरच्यासारखा झाला.

आमच्याकडे कोकणात गणपतीला काकांची गॅसबत्ती माळ्यावरून उतरायची. लावायची वेळ झाली की काका ओटीवर मांडी घालत आणि आम्हा पोरांना कडं करून बसवत. स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप मारायचा, मग पिन फिरवायची. मेंटल पहिल्यांदा पेटलं की त्याचं सूत जळून जातं आणि मागे उरते नुसत्या राखेची जाळी. बत्तीचा सगळा लखलखाट हा त्या राखेचा. म्हणून काका ओरडत, "श्वास रोखा!" आम्ही दहा पोरं श्वास रोखून बसायचो. मग एकदम फर्रर्र होऊन अंगण उजळायचं, आणि पाच मिनिटांत गावातले समस्त किडे आमंत्रण असल्यासारखे आमटीत.

राहता राहिली बॅटरी. (टॉर्चला बॅटरी म्हणायचं आणि बॅटरीला सेल म्हणायचं, हा आपला मराठी बाणा.) हातात धरायच्या नळकांड्या बॅटरीचं पेटंट १८९९ सालचं, डेव्हिड मिसेल या माणसाचं. तेव्हाचे सेल इतके अशक्त, की दिवा सलग लावता येत नसे. बटण दाबायचं, क्षणभर चमकून घ्यायचं आणि विश्रांती द्यायची. म्हणून इंग्रजीत त्याला फ्लॅशलाइट म्हणजे चमकदिवा म्हणू लागले. थोडक्यात, प्रकाशाचा ओव्हरड्राफ्ट. मशाल, कंदील, बत्ती या सगळ्यांभोवती माणसं बसू शकत होती. बॅटरी हा पहिला दिवा, ज्याच्याभोवती बसता येत नाही. तो घेऊन एकट्यानं कुठेतरी जायचं असतं. कुठे, ते पहाटे तंबूत झोपलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग जपानी शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुमारास चांगला उजळ निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा उजेड आला, आणि २०१४ मध्ये त्या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन. आमच्या पोरांनी ज्या हेडटॉर्चचं कोटेशन आणलं तो ३०० ल्यूमेनचा. म्हणजे दर कपाळी पंचवीस मेणबत्त्या.

टिपणी चौदा पानांची झाली. साहेबांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि शेरा मारला : "तिन्ही घ्यावेत." इतकी वर्षं बँकेत काढून मला यात नवल वाटायला नको होतं.

भंडारदऱ्याला तळ्याच्या काठी तंबू लागले. मांडववाल्याकडून भाड्यानं आणलेली बत्ती फरफरू लागली. तिला रॉकेल मिळवण्यासाठी हेडकॅशियरांनी दोन आठवडे घालवले होते. मॅडमचा कंदील एका फांदीला लागला. पोरांनी कपाळं पेटवली. आता हेडटॉर्चची गंमत अशी, की समोरचा माणूस बोलायला लागला म्हणून त्याच्याकडे बघावं तर आपला झोत त्याच्या डोळ्यांत, आणि त्यानं उत्तर द्यायला मान वळवली की त्याचा आपल्या. उजेड इतका, की कुणालाच कुणाचं तोंड दिसेना. काजवा तर औषधालाही नव्हता.

ज्यांच्या शेतात उतरलो होतो ते मामा थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, काजवं बघाया आलाव न्हवं? मंग आदी ह्ये समदं इझवा. त्यांची लगनं जुळायची हायेत, आन् तुमी त्यांच्या डोळ्यावर बत्ती धरलीया."

मामांनी सांगितलं ते शास्त्रालाही मान्य आहे. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. आपला भगभगीत उजेड मध्ये आला की प्रश्न दिसत नाही आणि उत्तरही दिसत नाही. आम्ही सगळं विझवलं. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ आमची अख्खी शाखा काही न करता गप्प बसून होती, आणि तेही कामाच्या वेळेबाहेर. मग समोरचं झाड एकदम उजळलं आणि विझलं. मग शेजारचं. मग सगळा उतार. मी त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना गरज नाही, आणि इतरांनी जाऊन पाहावं. जाताना बॅटरी खिशात ठेवावी.

त्या अंधारात हेडकॅशियरांचा आवाज आला. काउंटरवर असतो तो आवाज नव्हे. "आमचे वडील वरातीत बत्ती धरायचे," ते म्हणाले. "डोक्यावर. चुंबळ करून."

कुणी काही बोललं नाही.

"मी बरोबर चालायचो. वरात म्हणजे सगळं गाव दिसायचं. नवरा, घोडा, वाजंत्री, नाचणारे, सगळ्यांचे चेहरे लख्ख. वडील डोक्यावर उजेड घेऊन उभे, पण त्यांचंच तोंड दिसायचं नाही. टाकीची सावली पडायची ना. आणि पंगत बसली की बत्ती पंगतीत, आम्ही मांडवाच्या मागे." थोडं थांबून ते म्हणाले, "मला आपलं एकदा त्या उजेडात बसून जेवायचं होतं. बाकी काही नाही."

पंचवीस वर्षं या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी त्यांच्याशी पगारवाढ, एरियर्स आणि गुडघेदुखी यांवर बोलत आलो होतो. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दहादा लिहिली आहे. तिचा असाही अर्थ असेल, हे कुठल्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

रात्र चढली आणि काजव्यांचा बहर ओसरला, तेव्हा मामांच्या पडवीत पानं मांडली. बत्ती तिथेच लावली, आत, भिंतीच्या आडोशाला. कुणी न ठरवताच बरोबर तिच्यासमोरचं पान हेडकॅशियरांसाठी मोकळं राहिलं. ते बसले. पिठलं वाढलं. त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता. बत्तीला पंप मारायला शाखाधिकारी साहेब स्वतः उठत होते, दर दहा मिनिटांनी, आणि कुणी "मी मारतो" म्हटलं तर ऐकत नव्हते.

तेव्हापासून शाखेत सहलीला निघणारा प्रत्येक जण मला विचारतो, दिवा कोणता घ्यावा. आता माझं उत्तर चौदा पानांचं नसतं. पिवळसर उजेडाचा, कमीजास्त करता येणारा एकच एलईडीचा कंदील घ्यावा आणि तो सगळ्यांच्या मध्ये, डोळ्यांच्या खाली येईल असा ठेवावा. शंभर ल्यूमेन जेवायला भरपूर झाले. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात, पिवळ्यावर कमी. आमटी सुरक्षित राहते. प्रत्येक तंबूला एक बॅटरी, जाण्यायेण्यापुरती. तिला लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम, कारण मंद लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि परत आल्यावर आकाश जागच्या जागी सापडतं. रॉकेलचं आणि ज्योतीचं काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. कापड पेट घेतं, आणि बंद जागेत कोंडलेला विषारी वायू माणसाला झोपेतच नेतो. एवढं झालं की बाकी दिवे घरी राहिले तरी चालेल.

"एवढ्याशा उजेडात भागेल का हो?" असं विचारणारे असतातच. त्यांच्यासाठी एक दाखला मी राखून ठेवला आहे. १९१६ साली अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर शॅकलटनच्या मोहिमेतली २२ माणसं अडकून पडली होती. जहाज बर्फानं चिरडलेलं, आणि मदत आणायला शॅकलटन पाच जणांना घेऊन लहान होडीतून गेलेला. तो परत येईल याची खात्री नाही. उरलेल्यांनी दोन होड्या पालथ्या घालून त्यांखाली घर केलं. दिवा? सार्डिन माशांचा रिकामा डबा, त्यात सीलच्या चरबीचं तेल, आणि वात म्हणून जखमेला बांधायच्या पट्टीचा तुकडा. असे साडेचार महिने.

त्यांच्यातल्या मार्स्टन नावाच्या चित्रकाराजवळ एक पैशाएवढ्या मोलाचं पाकशास्त्राचं पुस्तक होतं. रोज रात्री तो त्यातली एक कृती सांगायचा, आणि सील व पेंग्विन खाऊन कंटाळलेली ती माणसं गंभीरपणे चर्चा करायची, की यात अमुक आणखी घातलं तर कसं लागेल. ३० ऑगस्टला शॅकलटन बोट घेऊन आला तेव्हा बावीसच्या बावीस जण जिवंत होते. त्या डब्यातल्या वातीचे ल्यूमेन कुणी मोजले नाहीत. शेजारचा माणूस दिसत होता आणि पुडिंगमध्ये काय घालावं यावर वाद घालता येत होता, एवढा उजेड मात्र तिच्यात नक्की होता.